विकताना चीज, घेताना सफरचंद

नवऱ्याने चीजचे तुकडे बशीत मांडले तेव्हा मी खाली तळघरात होते, नाहीतर तिथेच त्याचा हात धरला असता. तो भूगोलाचा मास्तर. आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी प्यायला कसं द्यायचं, एवढाच त्याचा सरळ विचार.

पण येणारी पाहुणी नव्हती, माझी आत्या होती. वाइनचा हा कारखाना तिचा. मी कोणाचीही मदत न घेता केलेली पहिली वाइन चाखून ती ठरवणार होती, बाटलीवर घराण्याचं नाव लावायचं की नाही. लाल वाइन, जेमतेम सहा महिन्यांची, रंगाने जवळजवळ काळी आणि अंगाने दांडगी. आठ दिवस मला अन्न गोड लागत नव्हतं.

पिंपातून पेला भरून मी वर आले, तर आत्याचा हात बशीकडे निघालेला. मी बशीच उचलली.

"अगं, खाऊ दे की मला!" आत्या म्हणाली.

"नाही. आधी हे खा." मी सफरचंद कापून तिच्यापुढे ठेवलं. नवरा आ वासून बघत राहिला.

आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: वाइन विकताना चीज द्यावं, विकत घेताना सफरचंद खावं. चीज जिभेवर बसतं आणि वाइनचे दोष झाकतं. सफरचंद एकेक दोष उघडा पाडतं. नवऱ्याच्या कानात मी एवढं सांगितलं. मला खरं काय ते ऐकायचं होतं.

आत्याने फोड चावली, पेला नाकाशी नेला, घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. मग बराच वेळ गालांच्या आतून जीभ फिरवत बसली.

"जोर आहे," ती म्हणाली. "वासही छान. पण तुरट आहे गं, हिरड्या आवळून धरतेय नुसती. वर्षभर पिंपातच राहू दे. नाव आत्ता नाही लावायचं."

मला रडूच आलं. रागही आला, पण तिचा नाही, स्वतःचाच. गेल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं आणि मी ते कानाआड केलं होतं.

"मारून घेतलास ना पायावर धोंडा?" नवरा पुटपुटला. "चीज खाल्लं असतं तर पास झाली असती."

"झाली असती, जावईबापू." आत्याचे कान या वयातही तिखट. "माझी पहिली वाइन झाली होती. माझे बाबा चाखायला बसले आणि मी समोर हे एवढं चीज ठेवलं. त्यांना कळलं नसेल का? पण बोलले नाहीत. पाठीवर थाप मारली, नाव लावलं."

"मग चांगलंच झालं की."

"झालं ना. लोकांनीही वाखाणली." आत्याने दुसरी फोड उचलली, पण खाल्ली नाही. "चाळीस वर्षं झाली. बाबा त्याच हिवाळ्यात गेले. त्यांना वाइन आवडली होती की नुसती मी, हे आता कोणाला विचारू?"