मेंढीला पचलं ते

दर गुरुवारी साकीनाक्याच्या त्या गाळ्यासमोर ही गर्दी! आत मेंढीबाबा. पितळी ताटलीतल्या भुकटीची चिमूट तो आधी मेंढीला चारायचा आणि गरजायचा, "मुक्या जिवाला पचतं, ते लेकराला बाधेल? बोला!" मेंढी निवांत रवंथ करायची आणि रांग जयजयकार करायची.

त्या रांगेत मालन असायची, फिट येणाऱ्या नऊ वर्षांच्या मानसीला घेऊन. बाबाने घरी दिलेल्या पुडीतली रोजची चिमूट सुरू झाली आणि काही दिवसांत पोरीच्या तोंडाला लसणाचा वास येऊ लागला. श्रावण होता, घरात कांदा-लसूण बंद. बाबाने बायकांना तिचा श्वास हुंगायला लावला. "पीडा निघतेय! तिला असाच वास असतो." मग केस मूठमूठ गळले. "पीडेची मुळं!" मग नखं निघाली. मालनने ती कागदात बांधून बाबाच्या पायांवर वाहिली. आनंदाने वाहिली, हेच भयंकर.

शेजारची ॲश्ली गुरांची डॉक्टर. जिन्यात तिला तो वास आला.

"मालन, काय चारतेस गं हिला?"

तिने पोरीला तडक हॉस्पिटलात नेलं, भुकटी तपासून घेतली आणि गुरुवारी मालनसोबत गाळ्यात शिरली.

"हा सेलेनियमचा विषारी क्षार आहे. काचेला लाल रंग द्यायला वापरतात. मालन म्हणाली, तू आधी काचेच्या कारखान्यातच होतास ना?"

"मेंढी रोज खाते!" बाबा ओरडला.

"चिमूटभर खाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातले जंतू त्यातलं बरंचसं न विरघळणारं करून टाकतात, ते लेंड्यांतून पडून जातं. जास्त चारलंस तर तीही मरेल. माणसाला ते पोटच नाही. पोरीच्या अंगात बहुतेक सगळं मुरलं. थोडं श्वासातून निघतं, तोच तुझा लसूण. घे, खा चिमूटभर."

"आज माझा उपास आहे," बाबा म्हणाला.

ॲश्लीने बोलावलेले पोलीस त्याला घेऊन गेले. रांगेतल्या दोघी मात्र मेंढीच्या लेंड्या पदरात वेचत बसल्या. विष उतरवणारी मेंढी म्हणे!

हॉस्पिटलात टक्कल पडलेली मानसी बोटांच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "आई, अजून किती पीडा राहिलीय गं?"



बाजारात कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मालन बांगडा घेत नाही. लेकीच्या तोंडात काय घालतोय, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा.