धोक्याचा रकाना

“कुऱ्हाड जरा वर घ्या, काका. आणि झाडाकडे बघा, माझ्याकडे नको.”

धर्मसिंग नायकानं कुऱ्हाड वर घेतली. समोर धावडा होता, त्याच्या बापाच्या वेळचा. जंगल-योजनेच्या पुनम मॅडमनी मोबाइल आडवा धरला, एक पाऊल मागं सरकल्या आणि खूश झाल्या.

“चेहरा छान आलाय. असाच रागीट ठेवा.”

चेहरा तसा ठेवायला धर्मसिंगला काही कष्ट पडत नव्हते.

कुऱ्हाड शेजारच्या गावातल्या देविदासची होती. तांड्याच्या चाळीस घरांत विळे होते, कोयते होते, बंद पडलेले तीन टीव्हीसुद्धा होते. पण टेकडीवरचं ओलं लाकूड तोडायचं नाही, असं धर्मसिंगच्या बापानं ठरवल्यापासून कुऱ्हाडीला काम उरलं नव्हतं. देविदासनं मात्र चार कुऱ्हाडींतली धारदार बघून दिली.

महिन्यापूर्वी मॅडम पहिल्यांदा आल्या, तेव्हा तांड्यानं हेच छाती फुगवून सांगितलं होतं. वर्षाला किती झाडं तोडता? एकबी न्हाई. मॅडमनी टॅबवर तसं भरलं आणि टॅबनं टेकडी नापास केली. योजना तीस वर्षांची होती. झाडांनी हवेतला कार्बन धरून ठेवायचा आणि त्याचं श्रेय दूरच्या कारखान्यांनी विकत घ्यायचं. पण जे जंगल कुणी तोडतच नाही, ते योजनेनं वाचवलं असं कसं दाखवणार?

“धोका लागतो, काका,” मॅडम म्हणाल्या होत्या.

“धोका हाय की! सेनगावच्या रस्त्याला खडी पायजे म्हणून क्रशरवाला टेकडी मागून राहिला. दोन खेपा मोजून गेला.”

मॅडमनी टॅब पुढं केला. धोक्याच्या रकान्यात तीनच पर्याय होते: कुऱ्हाड, चराई, वणवा. क्रशर नव्हता.

“आन् टेकडी योजनेत गेली, मंग क्रशर येईल का?”

“तीस वर्षं ती कुणालाच देता येणार नाही.”

धर्मसिंगनं पटका काढला, झटकला, परत बांधला.

“मंग माझं नाव लिव्हा. कुऱ्हाडीत.”

“काहून?” त्याची बायको रुख्मिणीबाई घरातून ओरडली. “डोक्यावर घागरी वाहून जगवली ती झाडं आपण! आता चोर म्हणून मिरवता का फोटोत?”



टेकडी पास झाली. पायथ्याला तार आली, फाटक आलं, पाटी आली. पाटीवर झाड तोडणारा माणूस आणि त्याच्यावर तांबडी फुली. राखणदार म्हणून तांड्यातला माणूस चालत नव्हता, कारण धोका तिथूनच होता. गणवेश देविदासला मिळाला. तो त्याला चांगला दिसत होता.

फाल्गुनात भर दुपारी टेकडीवरून धूर निघाला. नवराबायको धापा टाकत फाटकाशी पोचले. देविदास मोबाइल कानाला लावून उभा होता.

“थांबा नायक. तुमाला मनाई हाय.”

“जळून राहिलं ना रे समदं!”

“मी वर कळवलं. नोंदीची लिंक पाठवतो म्हणले.”

“लिंकनं इझवतो का, मुडद्या?” रुख्मिणीबाईनं त्याला बाजूला ढकललं.

आग विझवायची पद्धत एकच. पानांनी भरलेली ओली फांदी मोडायची आणि वाऱ्याकडे पाठ करून जाळावर झोडपत जायचं. धर्मसिंगनं कडुनिंबाची फांदी मोडली, तिनंही मोडली. दोन तासांत आग बसली. दोघं खाली उतरताना देविदासनं फोटो काढला. फोटोत नायकच आला. हातात ओली फांदी, स्पष्ट.

आठ दिवसांनी पुनम मॅडम कागद घेऊन आल्या. चटईवर बसल्या, पण नजर वर करेनात.

“फांदी तोडल्याची नोंद करावी लागेल, काका. म्हणजे धोका अजून आहे, असं धरतात. मग मुदत दहा वर्षांनी वाढते. पण तुमची कबुली हवी. आणि फाटकाच्या आत तुम्ही पुन्हा कधीच…”

“क्रशर?”

“चाळीस वर्षं नाही.”

सत्तरीच्या धर्मसिंगनं पेन मागितलं. एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

रुख्मिणीबाई चुलीपासून उठली. ही आता कागद फाडणार, असं वाटून मॅडमनी तो छातीशी धरला. तिनं तो हातातून ओढून घेतला.

“फांद्या दोन व्हत्या. एक माझी. लिव्हा.”

“आजी, मग तुम्हालाही आत जाता येणार नाही.”

“लिव म्हणलं ना! का बाईचा धोका चालत न्हाई तुमाला?”

मॅडमनी नाव लिहिलं. रुख्मिणीबाईनं शाईची डबी उघडली आणि अंगठा असा दाबला की कागदाखालची चटई खचली.

“ह्याचे दहा. माझे किती?”

मॅडम टॅबवर रकाना शोधायला लागल्या.

“आन् समद्या तांड्यानंच एकेक फांदी मोडली म्हणलं, तर?”

बाहेर ओट्यापाशी चपला जमायला लागल्या होत्या.