चिनूकची शेपटी

मित्रांनो, मी एक जुने हातजाळे आहे. फ्रेझर नदीच्या घळीत, पाण्यावर झुकलेल्या एका खडकावर माझे आयुष्य गेले. माझ्या धन्याच्या, व्हर्जिलच्या वडिलांनी मेपलची ओली फांदी वाफवून, वाकवून माझे कडे केले. जाळी त्याच्या बहिणीने, मेबेलने विणली. तेव्हा तिचे केस काळेभोर होते.

नदीचे पाणी दुधाळ. त्यात उतरले की मला झोपेत शिरल्यासारखे वाटे. समुद्रातून परतणारे सॅमन मासे अंगाला घासून जात, एखादा अलगद कुशीत येई. व्हर्जिल मला वर काढून ओरडून त्याच्या जातीचे नाव सांगे. वर वाळवणाच्या मांडवात मेबेल त्या नावाप्रमाणे चिरायची तयारी करी. त्याचे कधी चुकले नाही. लोक म्हणत, व्हर्जिलची नजर घारीची. मलाही त्याचा फार अभिमान होता.

पुढे त्या नजरेवर पडदा आला. त्याने कुणाला सांगितले नाही. मला मात्र कळले, कारण तो आधी पायाने खडकाची कड चाचपू लागला.

यंदा चिनूक जातीचे सॅमन फार थोडे आले. गावातल्या जाणत्यांनी ठरवले, चिनूक जिवंत सोडायचा, सॉकाय वगैरे इतर जाती मारायला हरकत नाही. जो मारेल त्याने आपला खडक सोडायचा. दुसऱ्याच दिवशी माझ्यात एक मध्यम मासा आला. त्याची खोल, संथ ओढ मला ओळखीची होती, पण मला तोंड कुठे?

"सॉकाय!" व्हर्जिल ओरडला आणि त्याने सोटा मारला.

मेबेलने माशाचा जबडा उघडला. हिरड्या काळ्या होत्या, चिनूकच्या असतात तशा. ती खाली आली.

"दादा, हा चिनूक आहे."

व्हर्जिलने सोटा खाली ठेवला. "दिसत नाही गं मला. दोन वर्षं झाली."

"आणि आज सांगतोयस? शहाणाच आहेस." ती त्याच्याजवळ बसली. "बाबा धुक्यात कसे ओळखायचे? मासा पाण्यातच ठेवून शेपटी चाचपायचे, चिनूकची खरखरीत लागते. विसरलास?"

"दिसत होतं तेव्हा कशाला चाचपू?"

"हो ना, घार ना तू."

संध्याकाळी त्याने स्वतः जाऊन जाणत्यांना सांगितले. तो मासा सगळ्या गावाने वाटून खाल्ला, काटे नदीला परत दिले. व्हर्जिलचा खडक गेला. तो मेबेलला मिळाला.

मी खुंटीवर लटकून रडवेले झाले होते. सकाळी मेबेल आली, एका हातात मी, दुसऱ्या हातात भावाचे मनगट.

"खडक आता माझा आहे," ती म्हणाली. "मी सांगेन तसं करायचं. आधी शेपटी."

दुपारी मासा आला. व्हर्जिलने गुडघे टेकून पाण्यात हात घातला. शेपटीचे काटे अंगठ्याला खरखरीत लागले. त्याने मला हळूच कलते केले.

"चिनूक," तो म्हणाला. "सोडला."

मित्रांनो, फाटलो तर आम्हाला शिवा, उन्हात टाकू नका. आणि आमच्यातला जीव ओळखल्याशिवाय बाहेर काढू नका.