दोन भाकरींचं ऊन

काटवटीत पहिल्या भाकरीची थाप पडली, आणि द्वारका ओट्यावरून उतरून अंगणातल्या उन्हात बसली. आजीनं, मनकर्णाबाईनं, तिचा डावा गाल हलकेच उन्हाकडं वळवला.

सहा वर्षांच्या पोरीच्या त्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग उमटला, तेव्हापासून म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पोरीची जात, पुढं कसं व्हायचं? तिनं कोडावरचं औषध म्हणून बांधावरची बावची आणली, बिया कुटून तेल काढलं, गालाला चोळलं आणि दसऱ्याआधीच्या तापत्या उन्हात नातीला तासभर बसवलं. जितकं ऊन तितका गुण, एवढाच तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी गाल फोडांनी भरला.

सिंधूनं लेकीला एसटीत घालून जळगाव जामोदच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. औषध खोटं नाही म्हणाले, पण बावची लावलेली कातडी ऊन अधाशासारखं पिते. गाल बरा झाला की सकाळचं ऊन पाच मिनिटं, वर एकही नको. कातडी वर्षानुवर्षं पोळत राहिली तर पुढं न भरणारी जखम होऊ शकते, कातडीचा कॅन्सर.

त्यानंतर म्हातारीनं तेलाच्या वाटीला हात लावला नाही. नातीलाही जवळ घेईना. सिंधूला ते फोडांइतकंच सलायचं. घरात घड्याळ नव्हतं. तिनं शाळेतल्या गुरुजींचं एका सकाळपुरतं मागून आणलं आणि चुलीशी बसून ताडून पाहिलं. ज्वारीच्या दोन भाकरी म्हणजे पाच मिनिटं. मग वाटी सासूच्या हाती दिली.

"आत्याबाई, मोजाचं काम माह्याकडे. लावाचं तुमच्याच हातानं."

आज महिना झाला होता. डागाच्या कडेला तिळाएवढे सावळे ठिपके दिसत होते. म्हातारीनं ते बोटानं चाचपून पाहिले.

"सिंधू, गुण येऊन राह्यला वं. आज तिसरी भाकर होऊ दे."

पिठाचा तिसरा उंडा सिंधूच्या हातात होता. मन तिचंही डळमळलं. लोकांची तोंडं, पोरीचं लगन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिनं उंडा खाली ठेवला आणि तवाच उतरवला.

"नाही आत्याबाई. दोनच."

सून डॉक्टरीण झाली, असं पुटपुटत म्हातारीनं नातीला पदराखाली घेतलं आणि सावलीत आणलं.

"माय, उद्या जराशी जाड थाप," पदराआडून द्वारका म्हणाली. "मले अजून बसाचं हाय."

दोघी सासवासुना हसल्या. कितीतरी दिवसांनी.

पोर सावलीत गेल्यावर तवा पुन्हा चढला. भाकरी झाल्या, फडक्यात बांधल्या. कापूस वेचायला वावरात जायचं होतं, ते थेट दिवस मावळेपर्यंत. निघताना सिंधू लेकीपुढं वाकली. द्वारकानं आईच्या रापलेल्या नाकावरचा सुटलेला पापुद्रा बोटानं अलगद काढला आणि तो न्याहाळत विचारलं,

"माय, तुयं ऊन कोण मोजते?"