उघडीच निघालेली खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय, तीही बंद खोक्यातून. आवाज दबका वाटला तर समजून घ्या.

दुकानाच्या माणसाने मला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी आणलं, उघडून पलंगाशेजारी ठेवलं आणि घाईघाईने निघून गेला. मी मिटते, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. त्या घरात ते कळायची वेळही कधी आली नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आजींना पलंगापासून खिडकीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, एवढाच माझा प्रवास. ढकलताना आजोबा दमायचे, पण कुरकुर केली ती फक्त माझ्या चाकांनी.

मग आजी गेल्या. मी रिकामी उभी असलेली आजोबांना बघवेना. शेजारच्या सुनेने माझा फोटो काढून मोबाईलवर विकायला टाकला. किंमत किरकोळ, पार्सलचा खर्च मात्र घेणाऱ्याचा.

बेकरीत काम करणाऱ्या एका बाईचा लगेच फोन आला. तिच्या वडिलांचे पाय लुळे पडले होते. "बाबांना निदान समोरच्या रस्त्यावर तरी न्यायचंय," ती म्हणाली. "घरात बसून बसून बोलेनासे झालेत हो." आजोबांना भरून आलं. आपली खुर्ची चांगल्या घरी पडली, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

त्यांनी फ्रिजचं रिकामं खोकं मिळवलं आणि मला होते तशी, उघडीच, आत बसवलं. भोवती आजींच्या उशा कोंबल्या. पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने खोक्याला टेप लावून मापं घेतली. वजन कमी असलं तरी जागा किती अडते त्यावर पैसे, म्हणाला. आकडा माझ्या किमतीहून मोठा निघाला. आजोबांनी मला 'माल पोचल्यावर पैसे' या बोलीवर पाठवलं आणि तिथूनच तिला फोनवर कळवलं.

"खुर्चीपेक्षा भाडं जास्त? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"ऑफिसात सांगितलं तेच सांगतोय, पोरी."

"आमच्या ओळखीत अशीच खुर्ची निम्म्या भाड्यात आली. वरचे पैसे तुम्हीच काढताय."

"माझ्या बायकोच्या खुर्चीवर धंदा करीन मी?" आजोबांनी फोन बंद केला.

दोघंही खरं बोलत होते. ओळखीतली ती खुर्ची मिटून आली असणार. मी खोक्यात नुसती चडफडत होते.

मी तिच्या दारी पोचले. "उघडून तरी बघू," ती म्हणाली. गाडीवाला म्हणाला, "आधी पैसे, मग उघडायचं." ती चिडली. तिने घ्यायला नकार दिला. आतून तिच्या वडिलांनी विचारलं, "आली का गं?" तिने दार लोटून घेतलं. गाडीवाल्याने मला उचललं.

आता मी पार्सल ऑफिसच्या मागच्या खोलीत पडून आहे. आजोबा म्हणतात, परत नको, मला ती बघवणार नाही. बाई म्हणते, लुबाडायला निघालेल्यांशी मला बोलायचं नाही. माणसं भांडताना एकमेकांची नियत तपासतात, खोकं कुणी तपासत नाही!

तुमच्यापैकी कुणी इथे आलात तर एवढं करा. खोकं फाडा, माझ्या बैठकीचं कापड मधोमध धरा आणि वर ओढा. मी मिटेन. मग लहान खोक्यात घालून मला तिच्याकडे पाठवा. पण लवकर पाठवा. त्या बाबांचा आवाज फार थकलेला होता.