एकविसावं पान

"आज वार कोणता, आजी?"

"बेस्तरवार."

"महिना?"

"मराठी सांगू का इंग्रजी?"

डॉक्टर हसले. "मराठी सांगा."

"माघ. परवाच एकादशी झाली. तुमच्या त्या क्यालेंडरवर अजून मागचाच म्हैना लटकायलाय. ते पान उलटा आधी."

शेजारच्या खुर्चीत माझा नवरा गोकुळ अवघडला. कंपनीतून अर्धा दिवस रजा काढून तो वाळूजहून आला होता, आणि त्याची माय तर डॉक्टरचीच परीक्षा घेत होती. सारजाबाई ही माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते.

"सगळं तर ठणठणीत दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "मग त्रास काय होतो?"

आत्यांनी पदर सावरला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. "मंजू, रागावू नको बरं का. तुला सांगितलं नव्हतं." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "ही माझी सून वाचनालयात हाय. ती पुस्तकं आणती, मी वाचते. वाचून झालं की एकविसाव्या पानावर, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं दोन टिंबं देते. बारीक. गणपतीच्या दूर्वा एकवीस, म्हणून ते पान, ध्यानात राहतंय. तेच पुस्तक पुन्यांदा आलं तर कळावं. आता दिवाळीपासून काय व्हायलंय, पुस्तक उघडते तर टिंबं नाहीत. म्हणजे नवं. वाचायला बसते, तर गोष्ट समदी ठावकी! कोण मरणार, कोण पळून जाणार, समदं आधीच कळायलंय. एक नाय, धा पुस्तकं झाली अशी. म्हणजे एकतर खूण करायचं इसरायले, नायतर न वाचलेलं वाचलंय वाटायलंय. दोन्हीबी वंगाळच की, साहेब."

डॉक्टर लिहीत राहिले. गोकुळनं मायच्या पाठीवर हात ठेवला. मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. ती दोन टिंबं मला ठाऊक होती. ती मीच खोडली होती.

मी काही रीतसर शिकलेली ग्रंथपाल नाही. दहावी झाली आणि लग्न झालं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयात मी पुस्तकांवरची धूळ झटकायला लागले, आणि झटकता झटकता वाचायला लागले. आधीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा कोणतं पुस्तक कुठं आहे हे फक्त मलाच ठाऊक होतं, म्हणून समितीनं मलाच खुर्चीवर बसवलं. प्रमाणपत्राची परीक्षा नंतर दिली. अशा खुर्चीवर बसलेलं माणूस जरा जास्तच कडक असतं. आपल्याला येतं हे त्याला रोज सिद्ध करावं लागतं.

वाचनालयाच्या जुन्या वाचकांची एक रीत असते. वर्षाला शंभर शंभर पुस्तकं वाचणाऱ्यांना नावं लक्षात राहत नाहीत. मग प्रत्येकाचं एक ठरलेलं पान असतं आणि त्यावर एक ठरलेली खूण. कुणाची चंद्रकोर, कुणाचं फुल्लीसारखं काहीतरी. पुस्तक घेण्याआधी आपलं पान उघडायचं आणि खूण नसेल तरच घरी न्यायचं. मला या रीतीचा भयंकर राग. घरी आल्यावरही माझी बडबड चालायची. "लोकांना पुस्तक म्हणजे स्वतःची वही वाटते! एकेकाची बोटं मोडायला हवीत." तेव्हा आत्या समोर भाजी निवडत बसलेल्या असत. "व्हय, काय एकेक लोक," एवढंच म्हणत. आता कळतं, बोटं कुणाची मोडायला निघाले होते मी.

जानेवारीत तपासणी होती. दिवाळी होताच मी आधी फलक लावला, 'पुस्तकात खुणा करणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल.' मग खोडरबरांची डबी घेऊन कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपुढे बसले. अडीच महिने रोज दुपारी तेच काम. त्यात एकविसाव्या पानावरची ती दोन टिंबं इतक्या पुस्तकांत निघाली, की "कोण आहे हा टिंबवाला मेला," असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले होते. तपासणीच्या अहवालात शेरा आला, 'पुस्तकांची निगा उत्तम.' तेवढा कागद मी लॅमिनेट करून टेबलामागे लावला.

बँकेतून निवृत्त झालेले श्रीनिवासराव आमचे सर्वांत जुने वाचक. फलक लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते पुस्तक आपटत आले.

"मंजुषाबाई, माझं एकावन्नावं पान कुणी धुतलं?"

"मी. फलक वाचा."

"फलक वाचला. आणि ही रहस्यकथाही अर्धी वाचली. मग आठवलं, खून वकिलानंच केलेला आहे! माझे चार दिवस भरून द्या."

सगळं वाचनालय हसलं, मीही हसले.

श्रीनिवासरावांनी थेट मला धरलं. आत्यांनी मात्र स्वतःलाच धरलं.

डॉक्टरांच्या दाराशी रिक्षा केली. आत्या मध्ये बसल्या होत्या. गोकुळ म्हणाला, "टेन्शन नको घेऊ माय, गोळी दिलीय. विसरण्याच्या आजाराची सुरुवात हाय म्हणे, वेळेत आलो." मग मला म्हणाला, "तू का चूप?"

"डोकं दुखतंय," मी म्हणाले.

क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली होती. तेव्हा बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, गोकुळ झोपला की त्यांना एकटीला सांगू. त्याच संध्याकाळी आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंजू, आजपासून चूल तुझी. मी एखाद् दिवशी गॅस चालू ठेवीन, सगळ्यांचाच जीव जाईल. श्रेयाच्या डब्याचंबी तूच बघ."

श्रेया माझी मुलगी, बारावीची.

आता जे लिहिते ते लिहायला नको वाटतं. मला बरं वाटलं. बावीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी वावरले होते. फोडणीला किती तेल, आमटीला किती तिखट, कुठला डबा कुठल्या फळीवर, सगळं त्यांचं. पहिल्याच रविवारी मी फळ्या बदलल्या. तिखट निम्म्यावर आणलं. श्रेया म्हणाली, "मम्मी, आजीच्या भाजीची चव नाही येत." मी म्हणाले, "सवय होईल."

म्हणजे मी विसरले म्हणून गप्प नव्हते. मला नीट आठवत होतं. रोज कामावर जाताना ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज परत येताना मनाशी म्हणायचे, वय झालंय, आज ना उद्या विसरायला लागणारच होत्या, तेवढाच आराम मिळतोय.

आराम कसला. गोळीनं त्या दुपारभर पेंगायच्या. देवळात एकट्या जाईनात, रस्ता चुकेल म्हणून. पैठणच्या लेकीचा फोन आला की आधी मला विचारायच्या, "मागं काय बोलले होते गं मी तिला?" या बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अक्षरं शिकवली होती. आमच्या लग्नाच्या वर्षीच सासरे गेले आणि त्या गंगापूरकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आल्या. मी लहान मुलांची पुस्तकं आणायचे आणि त्या बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या, शेजारणीला ऐकू जाईल अशा. दोन वर्षांत जाड कादंबऱ्यांवर आल्या. आवडलेल्या माणसाला त्या वाचता वाचता सल्लेही द्यायच्या. "आरं नको जाऊस तिकडं, मुडद्या." आता पुस्तक आणलं की उघडत नसत. म्हणत, "राहू दे. अर्ध्यात गेल्यावर कळलं की वाचलेलंच हाय, की लई भ्या वाटतंय."

वैशाखात एका दुपारी श्रीनिवासराव परत आले. पुस्तक बदलताना सहज म्हणाले, "बाई, मी आता घरी वही केलीय. तुमच्या खोडरबराचा बाप. पण खरं सांगू? पहिले आठ दिवस मला वाटलं, माझंच डोकं गेलं. बायकोला म्हटलं, मला काहीतरी होतंय. बरं झालं तुम्हाला विचारायला आलो."

ते गेल्यावर मी वाचनालय तासभर आधी बंद केलं. येताना कपाटातून तीन पुस्तकं पिशवीत घातली.

आत्या पलंगावर बसल्या होत्या. मी पंखा लावला, खाली बसले आणि एका दमात सांगितलं. तपासणी, फलक, खोडरबर, सगळं.

"तुमचं डोकं शाबूत आहे, आत्या. तुम्ही खुणा केल्या होत्या. मी पुसल्या. हे बघा." एकविसावं पान मी खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. कागदावर पेन्सिलीच्या टोकाचे दोन खड्डे दिसत होते. त्यांचं बोट घेऊन मी त्यावर ठेवलं. "लागतंय?"

"असंल. जुना कागद हाय, कुठंबी काय लागतंय."

"तिन्ही पुस्तकांत आहे. त्याच कोपऱ्यात."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मंजू, कुणी सांगितलं गं तुला हे करायला? डॉक्टरनं?"

"कुणी नाही. खरंच मीच खोडलं."

"बरं, समज खोडलंस. मग माघापासून गप कशी बसली असतीस तू? तिथं डॉक्टरपुढं मी रडकुंडीला आले, गोळ्या खाऊन दिवस दिवस पडून राहिले, अन् तू बघत बसलीस? माझी मंजू तशी नाय."

"तशीच आहे, आत्या. बसले मी गप्प."

"हो गं बाई, बसलीस." लहान मुलाची समजूत काढावी तशा त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून एवढा आळ अंगावर घ्यायलीस. येडी कुठली."

कागदावरचे खड्डे त्यांना पटले नव्हते. आता माझ्याकडे एकच पुरावा उरला होता, माझं गप्प बसणं. आणि तो मान्य करायला त्या तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. मग गोकुळला सांगितलं. तो म्हणाला, "तिला पटत नसंल तर आता नको छेडू." त्या रात्री तो जेवला नाही. आत्यांना गोळ्या बंद झाल्याचं कळलं तेव्हा हसून म्हणाल्या, "डॉक्टरलाबी पटवलंस व्हय!"

पेंग गेली. देवळात जायला लागल्या, पण सत्यभामाबाई सोबत असतील तरच. या आमच्या शेजारीण. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसतात. परवा मी कामावरून येत होते, तर फाटकापाशीच आत्यांचा आवाज ऐकू आला.

"…म्हणती कशी, आत्या, मीच खोडलं. माझ्या डोस्क्याची चूक तिनं सोताच्या माथी घेतली. पोटची पोरगी करायची नाय एवढं."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "नशीबवान हायसा तुमी."

मी फाटकाबाहेरच उभी राहिले. दोघींचा विषय बदलून भाजीच्या भावावर गेला, तेव्हा आत आले.

वाचन पुन्हा सुरू झालंय. एकविसाव्या पानावर खड्डे नाहीत ना हे बघून मी सकाळी निघताना पुस्तक ठेवून जाते, पण मी येईपर्यंत त्या ते उघडत नाहीत. संध्याकाळी मी चपला काढते तेव्हा त्या पलंगावर बसलेल्या असतात. पुस्तक मांडीवर मिटलेलं, त्यावर दोन्ही हात ठेवलेले.

"मंजू, हे वाचलंय का गं मी?"

"नाही, आत्या. नवं आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग त्या चष्मा लावतात.