होल्डॉलर साहेबांची थंड वीज

माझे धाकटे दीर प्रभंजन यांनी त्र्याऐंशी साली गोकुळ रोडवर पॉलिथीनच्या पिशव्या छापायचा कारखाना काढला, आणि पहिल्याच महिन्यात निम्म्या हुबळीच्या जिभा हिरव्या केल्या. गुळगुळीत प्लास्टिकवर शाई टिकायचीच नाही. पिशवी हाताळून पेढा खाल्ला की पेढेवाल्याचं नाव जिभेवर उठायचं. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका मास्तरीणबाईंनी तर म्हणे मुलांना जीभ दाखवूनच कानडी अक्षरं शिकवली. मी पाहिलं नाही, पण लोक खोटं कशाला सांगतील?

पेढेवाल्यानं निरोप धाडला, दसऱ्याच्या पिशव्यांची शाई निघाली तर पुढचं काम बेळगावच्या कारखान्याला. मग भावजींनी स्वतः एक मशीन बनवलं. खाली फिरता रूळ, त्याच्यावर जराशी फट सोडून एक लोखंडी सळई. सळईला ते इलेक्ट्रोड म्हणायचे. तिच्यात दहा हजार व्होल्ट सोडले की फटीतल्या हवेत जांभळा उजेड पडायचा, आणि त्या उजेडाखालून सरकलेलं प्लास्टिक शाई धरून ठेवायचं. ही थंड वीज बरं का वहिनी, म्हणायचे, हिच्यात उजेड आहे पण ताप नाही. वास मात्र असा उग्र की माझी सात वर्षांची सर्दी एका दिवसात पळाली. ती पुढं कमरीपेठेत कुणाला तरी झाली असं ऐकलं.

पण ती थंड वीज काही थंड राहीना. नीट पसरायचं सोडून एका जागी गोळा व्हायची आणि ठिणगी मारायची. प्लास्टिकची चाळण व्हायची, आणि रोल सरकवणाऱ्या दुर्गव्वाच्या बोटांना चटके बसायचे. दुर्गव्वा कमरीपेठेतली. नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी, दोन पोरी शाळेत. ह्या एका नोकरीवर तिचं घर चालायचं.

भावजींनी सुरक्षेचे उपाय केले. भिंतीवर इंग्रजीत ‘डेंजर’ लिहिलं. ते दुर्गव्वाला वाचता येत नव्हतं आणि विजेलाही. मग तिला रबरी चपला दिल्या, तर चटके बसत होते हाताला. शेवटी बैठक घेतली. बैठकीत ठरलं की इलेक्ट्रोड निर्दोष आहे, दुर्गव्वाच्या हातांना घाम येतो. खंडेनवमी झाली की कोरड्या हाताची दुसरी बाई बघायची.

दुर्गव्वा आमच्या घरी आली, बोटं फुंकत. म्हणाली, “अक्का, ती वीज माझ्या बांगडीला चावत नाही बघा. काचेवर आली की पसरती, गप बसती. उघडं लोखंड, उघडं कातडं दिसलं की उडी मारती. त्या सळईला काच घाला की.”

साहेबांना सांगितलंस का, मी विचारलं. तर सांगून झालं होतं. माझ्या मशीनला बांगड्या भरू काय, म्हणून ते हसले होते, आणि बैठकीला आलेल्यांनाही हसवलं होतं.

आमचे हे, शेषगिरी, कॉलेजात सायन्स शिकवायचे. ऐकून म्हणाले, बाई अगदी बरोबर बोलतेय. काच मध्ये आली की वीज एका जागी मुसंडी मारू शकत नाही, सगळीकडं थोडी थोडी वाटली जाते. मग भावाला सांगा की, मी म्हटलं. तो माझं ऐकलाय कधी, म्हणाले.

ते खरंच होतं. भावजी घरच्यांचं ऐकत नसत, गावच्यांचं नसत, पुण्या-मुंबईचं अर्धंच ऐकत. म्हणजे अक्कल दुर्गव्वाची चालली असती, फक्त तिचा पत्ता बदलायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले तेव्हा मी सांगितलं, विमलेच्या नवऱ्याचं पत्र आलंय. विमला माझी भाची, आणि तिचा नवरा जर्मनीला ट्रेनिंगला गेला होता, एवढं खरं. त्याच्या तिथल्या प्रोफेसरांनी म्हणे ह्याच मशीनवर अख्खा जन्म काढलाय.

भावजींनी कप खाली ठेवला. “नाव काय त्यांचं?”

माळ्यावर आमचा प्रवासात अंथरूण बांधायचा जुना होल्डॉल दिसत होता. “होल्डॉलर,” मी म्हटलं. “प्रोफेसर होल्डॉलर.”

“होल्डॉलर,” भावजी म्हणाले. “ऐकलंय मी ह्यांच्याबद्दल.”

मग काय, मला हुरूप आला. सांगितलं की ते लोक सळईवर जाड काचेची नळी चढवतात. ह्यांनी पेपराआडून भर घातली, सळईची टोकं घासून गोल करायची आणि रुळापासूनची फट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ठेवायची, असंही लिहिलंय. तीस वर्षांच्या संसारात माझ्या थापेला ह्यांनी लावलेला हा एकच हातभार, पण काय नेमका.

“आणि शेवटी लिहिलंय,” मी म्हटलं, “चालवणारं माणूस बदलू नका. मशीनला ओळखीचा हात लागतो.”

भावजींनी मान डोलावली. एकदम शास्त्रीय आहे, म्हणाले.

कॉलेजच्या ओळखीतून नळी आली. बटण दाबलं तसा जांभळा उजेड साडीच्या काठासारखा सरळ पसरला. ठिणगी नाही, भोक नाही, आणि वीजही पहिल्यापेक्षा कमी लागली. भावजींनी छापलेली पिशवी चोळली, धुतली, शेवटी चाटली. जीभ कोरी. दुर्गव्वाच्या बोटांवरचे फोड आठवड्यात वाळले.

कारखानदारांच्या संघानं भावजींचा सत्कार केला. त्यांनी पाऊण तास होल्डॉलर साहेबांवर भाषण दिलं. बेळगावचा एक इंजिनिअर उठून म्हणाला, मी बंगळूरला त्यांचं व्याख्यान ऐकलंय, माणूस विद्वान, पण थोडा तोतरा. मला रागच आला. माझा माणूस तोतरा नव्हता.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळेखाली साहेबांच्या नावाची पाटी. दुर्गव्वा कुंकू घेऊन पुढं झाली तसं भावजींनी तिला अडवलं, काचेला लावू नकोस, होल्डॉलर साहेबांना चालायचं नाही. तिनं ते लोखंडी पायाला लावलं, नारळ फोडला, आणि बांगड्या मागं सारत विचारलं, “साहेब, त्या जर्मनीच्या साहेबांना काचेचं सुचलं कसं हो?”

“चाळीस वर्षांची तपश्चर्या आहे ती, दुर्गव्वा. तुला नाही कळायचं.”

“हौदरी, खरंय साहेब,” ती म्हणाली.

मग तिनं सगळ्यांना खोबरं वाटलं. होल्डॉलर साहेबांचा वाटा म्हणून एक मोठा तुकडा पाटीपुढं ठेवला, आणि आरती संपल्यावर तो उचलून, माझ्याकडं बघत, स्वतः खाल्ला.